आधी दिसलं त्याचं अस्वल

उत्तरेच्या त्या गोठलेल्या जमिनीत गटारं होत नव्हती; टुकुमेक अठरा वर्षं गावातल्या संडासाच्या पिशव्या उचलत होती. एकवीस घरं, रोज सकाळी, वादळातही. एकही दार चुकलं नाही, एकही पिशवी फुटली नाही. लोक तिच्यापासून चार हात लांबून चालत. तिचंही कुणावाचून अडत नव्हतं.

मार्चमध्ये कचऱ्याच्या टेकाडावरून तिला समुद्राच्या बर्फावर अस्वल दिसलं, मागचा डावा पाय ओढणारं. तिने वायरलेसवर सांगितलं. साऱ्या गावाने ऐकलं. गोळी घातली तिच्या दिराने, माजाकने. पण रीत सरळ आहे: गोळी कुणाचीही असो, ज्याला आधी दिसलं त्याचं अस्वल. टुकुमेकला कातडं हवंच होतं. तिच्या नवऱ्याच्या, इमिनाच्या, अस्वलाच्या कातड्याच्या विजारीला मांड्यांवर टक्कल पडलं होतं, आणि तसल्या विजारीत शिकारीला जाणं म्हणजे गोठून मरणं. दोन हिवाळे तो बर्फावर गेला नव्हता. खिडकीशी बसून कुत्र्यांना शिव्या देत होता.

माजाकने घरोघर मांस वाटलं आणि सांगितलं, मला ते आधीच कड्यावरून दिसलं होतं. टुकुमेक दारोदार विचारत फिरली. कुणालाच वायरलेस आठवेना. एकीने तर, वासाने तुझं डोकं फिरलंय, असं सुनावलं. सगळ्यांची तोंडं मांसाने भरलेली.

दुसऱ्या दिवशी तिने माजाकचीही पिशवी उचलली. काम ते काम.

कातडं खरवडायला माजाकची बायको बसली. तिचा हात जड. चरबी राहिली तर केस गळणार, जोर लावला तर भोक. तीन भोकं पडल्यावर माजाक कातडं घेऊन टुकुमेकच्या दारात आला. असलं काम गावात तिलाच साधायचं.

"वहिनी, एवढं साफ करून दे. पुढचे पाय तुला."

तिने भोकांत बोट घालून पाहिलं. "बायकोने फावडं घेतलं होतं का रे?"

समोरच्या उघड्या खिडकीत चार डोकी जमली.

"दुसऱ्याचं कातडं मी खरवडत नाही. माझं असेल तर ठेव. नाहीतर ने, कुजू दे."

माजाकने कातडं उंबऱ्यावर आपटलं. "घे तुझं. नवऱ्याचं मढं झाक त्यात."

"तुझं म्हणालास. समोरच्यांनीही ऐकलं."

खरवडायला तिला चार दिवस लागले. चौथं भोक पडलं नाही. विजार बेतताना तिन्ही भोकं तिने वगळली. विजार घालून इमिना म्हणाला, कमरेत आवळते. मग त्याने कुत्री जुंपली आणि भावाच्या दारावरून, मान न वळवता, बर्फावर गेला.