पाठीला लोखंड नाही

कुठलंही लाकूड दिसलं की आबा उजव्या हाताचा अंगठा जिभेवर ओला करायचे आणि लाकडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच फिरवायचे. ते लाकूड कुणाचं आहे, कशाचं आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पाटलांच्या हातातली काठी, गाडीचं जू, देवळाची चौकट, एकदा तर माझ्या सरकारी दफ्तरातली रेघा आखायची पट्टी. अंगठा मध्येच कुठेतरी थांबायचा आणि आबा म्हणायचे, "हितं ताठ हाय."

अंगठ्याने लाकूड ओळखणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आबांचं वेगळेपण एवढंच, की ते माणसांनाही हाच न्याय लावत. मी गावात पहिल्यांदा गेलो त्या दिवशी चावडीसमोर उभा राहून जंगलाचे कायदे वाचून दाखवले होते. अंगात कडक इस्त्रीचा कोट, डोक्याला नवा फेटा, वय बावीस. माझं वाचन संपल्यावर आबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि शेजारच्याला म्हणाले, "हितं ताठ हाय." सगळे हसले. मला वाटलं, माझ्या उभं राहण्याची तारीफ झाली.

मांजरसुंब्याच्या घाटाखाली तेव्हा निजामाच्या जंगल खात्याचा एक नाका होता आणि मी त्या नाक्याचा नाकेदार होतो. एक खोली, एक ओसरी, एक वही आणि एक लोखंडी मार्का-हातोडा, एवढा माझा संसार. हातोड्याच्या तोंडावर उलटं अक्षर कोरलेलं असे. लाकडावर ठोकला की सुलटं अक्षर उठायचं आणि ते लाकूड सरकारमान्य व्हायचं. मार्का नसलेलं लाकूड चोरीचं, मग ते कुणाच्या आज्याने का तोडलेलं असेना. माझा मार्का फार स्वच्छ उठतो असं वरच्या साहेबांनी एकदा म्हटलं होतं. तेवढ्यावर मी वर्षभर खूश होतो.

आबा कोरडवाहू शेतकरी. बाजरी, तूर, चार जनावरं. पण त्यांच्या घराला एक मान होता. दसऱ्याला शिलंगणासाठी सगळा गाव शिवेवरच्या ओढ्यापाशी जाई आणि तिथे ओढ्यापलीकडे एक बाण सोडला जाई. तो सोडायचा आबांच्या घराने, आणि कमठा, म्हणजे धनुष्य, तोही त्याच घराने आपल्या हाताने घडवलेला हवा. बाण पलीकडच्या काठावर रुतला की गावाचं वर्ष मोकळं झालं. न रुतला तर पाटील सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारत, कमठा चुकला का हात? कमठा चुकला असं उत्तर आलं तर त्याच घराने पुढच्या वर्षी दुसरा कमठा करून आणायचा. हात चुकला म्हटलं तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जायचा, आणि गेलेला मान परत येत नसे. आबांच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

आधीच्या कमठ्याला त्या उन्हाळ्यात बारीक चीर गेली होती, म्हणून नवा करायचा होता. अशा वेळेसाठी धामणीच्या झाडाची एक उभी चिरलेली फाळ आबांनी तीन वर्षं आढ्याला, चुलीच्या धुरात ठेवली होती. दोन्ही टोकांना शेण लिंपलेलं, म्हणजे टोकं उलत नाहीत. ओलं लाकूड वाकतं पण परत येत नाही, असं ते सांगत. तीन वर्षांपेक्षा कमी वाळलेल्या लाकडाला ते लाकूड म्हणायलाच तयार नसत.

मी नाक्यावर कंटाळलो की गस्तीच्या नावाखाली त्यांच्या अंगणात जाऊन बसे. कमठा कसा घडतो ते मला तिथे कळलं. फाळीची साल सोलली की जे पहिलं अंग लागतं, ती कमठ्याची पाठ. बाण ओढताना सगळा ताण तिथे येतो. झाड दर पावसाळ्याला एक थर चढवतं, तो थर पाठीवर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहायला हवा. एके ठिकाणी जरी तो कापला गेला तरी कमठा तिथूनच उघडतो. म्हणून जे काही तासायचं ते पोटाच्या बाजूने, जी बाण सोडणाऱ्याकडे तोंड करून असते त्या बाजूने. आधी सुताराचा वाकस, मग मोडक्या विळ्याचं पातं. पुन्हा पुन्हा वाकवून बघायचं, कुठे वाकत नाही ते हुडकायचं आणि तेवढंच खरवडायचं. जिथे नीट वाकतंय तिथे हात लावायचा नाही. "पोट आपलं, पाठ झाडाची," असं त्यांचं म्हणणं. "पाठीला लोखंड लावायचं न्हाई."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलं होतं हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या भादव्यात वरच्या साहेबांचा दौरा निघाला. हे साहेब घरोघर आढी तपासतात, अशी बातमी आली. आबांच्या फाळीवर मार्का नव्हता, कारण ती तोडली तेव्हा आमचा नाकाच नव्हता. साहेबांनी ती पाहिली असती तर जप्त झाली असती, आणि तीन वर्षं वाळलेली दुसरी फाळ दसऱ्यापर्यंत मिळणं शक्य नव्हतं. मीच आबांना निरोप पाठवला, की फाळ नाक्यावर आणा, मी ती कायदेशीर करून देतो. मला खरंच त्यांच्या उपयोगी पडायचं होतं. आबा ती घेऊन आले. साल सोललेली होती, टोकं साफ केलेली होती. ओसरीत उभी करून ते चौसाळ्याच्या बाजाराला गेले, म्हणाले येताना घेऊन जातो.

आता वहीत नोंद होईल आणि कागद मिळेल, एवढंच त्यांच्या मनात असावं. पण नियमात कागद नव्हता, मार्का होता. मी फाळ आडवी ठेवली आणि जागा शोधू लागलो. एक बाजू ओबडधोबड, फाळलेली. दुसरी गुळगुळीत, पिवळसर, स्वच्छ. साहेबांना लांबूनही दिसावा म्हणून मी स्वच्छ बाजू निवडली. पहिला घाव जरा तिरका बसला, म्हणून त्याच्यावरच दुसरा घातला. अक्षर इतकं सुरेख उठलं की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

दुपार कलताना आबा आले. त्यांनी फाळ उचलली, अंगठा ओला केला आणि पाठीवरून फिरवत नेला. तो मार्क्यावर थांबला. मी काहीतरी शाबासकी येईल म्हणून उभा होतो.

"मार्का चांगला उठलाय," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, दसऱ्याला किती दिवस आहेत. मी वही बघून सांगितलं, सव्वीस. त्यांनी फाळ खांद्यावर घेतली आणि निघून गेले. ते ओढ्याच्या वळणावर दिसेनासे झाले तेव्हा मला पाठीला लोखंड लावायचं नाही हे वाक्य आठवलं.

पुढचे दिवस मी रोज गस्त घातली, म्हणजे त्यांच्या अंगणात बसलो. आबांनी ठरवलं होतं की पाठीचा तो थर अखंडच काढून टाकायचा, एक पावसाळा खाली जायचं आणि त्याच्या खालच्या पावसाळ्याला पाठ करायचं. ऐकायला सोपं आहे. विळ्याच्या पात्याने वरचा थर सोलायचा आणि खालच्याला ओरखडाही जाऊ द्यायचा नाही, पाच हात लांबीभर. एका जागी खालचा थर केसाएवढा पातळ निघाला. ते दुष्काळाचं वर्ष असेल, आबा म्हणाले, आणि त्या टीचभर जागेवर त्यांनी दोन दिवस घालवले. डोळ्यांना दिसत नसे तेव्हा ते डोळे मिटून अंगठ्याने शोधत.

थर निघाला तरी मार्का गेला नाही. दुसऱ्या घावाने अक्षर खालच्या पावसाळ्यातही दबलं होतं, पुसट पण होतं. आणखी एक थर काढला असता तर लाकडात जीव उरला नसता. मग आबांनी एक गोष्ट केली जी त्यांनी जन्मात केली नव्हती. मार्क्याच्या मागे पोटाच्या बाजूला त्यांनी लाकूड तसंच जाड ठेवलं, म्हणजे कमठा तिथे वाकणार नाही आणि त्या जागेवर ताण येणार नाही. मी न राहवून म्हणालो, आबा, इथे तर ताठ राहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "हितं ताठच पायजे."

ताठ जागेचा कमठा तुटत नाही, पण बाणही लांब टाकत नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि एव्हाना मलाही. मी त्यांना म्हणालो, की गावाला मी सांगतो, चूक माझी आहे. ते पातं थांबवून माझ्याकडे बघत राहिले. तुम्ही तुमचं काम केलंत, एवढंच म्हणून पुन्हा खरवडू लागले.

दसऱ्याला सगळा गाव ओढ्यावर जमला. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, ओढ्याला पाणी होतं. मीही होतो, कोट फेटा घालून, पाटलांच्या शेजारी. आबांनी दोरी चढवली, बाण लावला आणि कानापर्यंत ओढला. हात जराही हलला नाही, हे मी शपथेवर सांगेन. बाण सुटला, नीट सरळ गेला आणि पलीकडच्या काठाच्या दोन हात अलीकडे पाण्यात पडला. पाण्याने तो फिरवला आणि खाली वाहून नेला.

पाटील पुढे झाले. रीतच होती, विचारणं भाग होतं.

"कमठा चुकला का हात?"

आबांनी नुसता कमठा उलटा करून दाखवला असता तरी पुरे होतं. पुढच्या वर्षी नवा कमठा करता आला असता, मान घरातच राहिला असता. मात्र मग पुढचा प्रश्न आला असता, की हे कुणी केलं. मी समोरच उभा होतो. तोंड उघडायचं एवढंच माझ्या हाती होतं, आणि ते मी उघडलं नाही. मला नोकरीची भीती वाटली, गावाची भीती वाटली. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतील याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"हात," आबा म्हणाले. "म्हातारा झाला."

त्याच संध्याकाळी मानाचा नारळ त्यांच्या चुलतभावाच्या घरी गेला. चार दिवसांनी मी आबांच्या अंगणात गेलो आणि कावून, म्हणजे का, असं केलं म्हणून त्यांच्याच भाषेत विचारलं. ते एक जुनं जू तासत बसले होते. त्यांनी सांगितलं ते असं:

"कमठा चुकला म्हणलो असतो तर ते लबाड बोलणं झालं असतं. त्यानं व्हतं तेवढं दिलं की."

पुढच्या साली माझी बदली झाली. नंतर बढती मिळाली, आणखी बदल्या झाल्या. त्या भागात परत जायला अकरा वर्षं लागली, तेही चौसाळ्याला कामासाठी गेलो होतो म्हणून. गावात शिरताच कळलं की आबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी आधी पाटलांकडे गेलो. ते आता खाटेवरच असायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, मार्का, हातोडा, दुसरा घाव, ओढ्यावरचं माझं गप्प राहणं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मार्का आमी बी बघितला व्हता, सायेब," ते म्हणाले. "साऱ्या गावानं बघितला व्हता. पण त्यो हात म्हणला. मग आमी काय बोलणार?"

म्हणजे अकरा वर्षं मी जे लपवून ठेवलं होतं ते लपलेलं नव्हतंच.

तिथून आबांच्या घरी गेलो. काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, मला ओळखलं, चहाचं विचारलं. कमठा भिंतीला टांगलेला होता, दोरी उतरवून ठेवलेली. मी विचारलं, हातात घेऊ का. घ्या की, त्या म्हणाल्या, ते असताना तो त्यांच्या मांडीवरच असायचा, बाहेर बसून गप्पा मारतानाही अंगठा चालू असायचा.

मी तो उजेडात नेला आणि पाठीवर मार्का शोधू लागलो. सापडेना. शेवटी मीही अंगठा ओला केला आणि टोकापासून फिरवत गेलो. मुठीच्या जरा वर, जिथे पोट जाड ठेवलं होतं त्याच्या बरोबर मागे, पाठ बाकी लाकडापेक्षा गुळगुळीत लागली. अक्षर तिथे नव्हतं. अंगठा फिरवून फिरवून आबांनी ते पुसून टाकलं होतं.