डॉक्टरांनी लावलेली हिरवळ

सई, ईशान —

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढं एक मी बाजूला ठेवत आले.

मग आता का? तर गेल्या रविवारी सईने फोनवर तिचा नवा टँक दाखवला. बुटांच्या खोक्याएवढा, त्यात इवलेसे चार मासे. "आजी, आजोबा लाकडाला मॉस कसं चिकटवायचे गं? आणि खाली ते हिरवं कार्पेट?" मॉसचं मी तुला व्यवस्थित सांगितलं. कार्पेटचं विचारलंस तेव्हा म्हणाले, "ते काही जमलं नाही बाई. आजोबांचे मित्र लावायचे, त्यांचा हात थरथरायचा." तू म्हणालीस, "अरेरे, बिचारे." आणि मी मान हलवली.

ते दोघंही आता नाहीत. कुणी मला काही विचारणार नव्हतं, कुणाला मी घाबरत नव्हते — तरी तेच खोटं पुन्हा तोंडातून आलं. तेही तुझ्याशी. फोन ठेवल्यावर चहा केला, तो तसाच निवून गेला.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते. एक 'आय रिग्रेट' लिहिलं की झालं, पान संपलं. म्हणून मराठीत. अक्षरं लावत लावत तुम्हीच वाचा. बाबाकडून वाचून घेऊ नका — यात तोही आहे.

आमच्या दादरच्या घरातली आतली खोली तुम्हाला आठवते ना? ती तुमची होती. बाबा परदेशी जाताना म्हणाला होता, थोडी वर्षं, मग परत येतो. मी त्या खोलीतल्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे ठेवले. खिडकीखाली तुमचा पलंग येणार, म्हणून तिथे काही ठेवू दिलं नाही. दर दिवाळीला कोऱ्याच चादरी धुऊन, घडी घालून परत ठेवायची. हसू नका. घर आवरून ठेवलं की माणसं येतात, असं मला खरंच वाटायचं.

त्याच खिडकीखाली एके दिवशी आजोबांनी टँक आणून ठेवला. "अगं, तात्पुरता आहे." आणि मी विश्वास ठेवला.

टँक दोघांचा होता. दुसरे म्हणजे डॉक्टर — वसंतराव, आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. दातांचे डॉक्टर. गिरगावात त्यांचा दवाखाना होता, राहायला प्रभादेवीला. उजवा हात किंचित हलायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच दवाखाना बंद केला. खरं कारण फक्त आजोबांना सांगितलं, आणि आजोबांनी मला. दवाखान्यातला एक लांब, बारीक टोकाचा चिमटा तेवढा त्यांनी जवळ ठेवला होता, तो आमच्या टँकवर कामाला आला.

मॉस आजोबांचं काम. ते ओल्या लाकडावर पातळ पसरायचं — जाड थर दिला तर खालचा काळा पडून कुजतो — आणि वरून माझ्या शिवणाच्या डब्यातला सुती दोरा गुंडाळायचा. पुढे मॉस लाकडाला आपणहून धरतं, दोरा कुजून जातो. आजोबा असे गोल गोल दोरा फिरवत बसले की डॉक्टर स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "वहिनी, याची वटपौर्णिमा चाललीय! सात जन्म हेच लाकूड मागतोय!"

"बरंच आहे," मी आतून म्हणायची, "मी सुटले!"

हसायचो आम्ही. खूप हसायचो. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला तो माणूस आवडत नव्हता.

आणि हिरवळ, म्हणजे सईचं ते कार्पेट, डॉक्टरांची. नखाएवढी रोपं. जुडी सोडवून तिचे बारीक बारीक झुबके करायचे, एकेक चिमट्यात धरून तिरकं मातीत रोवायचं, आणि मग चिमटा अलगद मागे घ्यायचा. सगळी मेख या मागे घेण्यात. घाई झाली तर रोपही चिमट्याबरोबर वर येतं. डॉक्टर पाण्यात कोपरापर्यंत हात घालून रोपांशी बोलायचे, "आ करा... आता दुखणार नाही... झालं." अख्खी सकाळ जायची त्यात. आणि एक सांगू? तो हात चहाचा कप धरताना हलायचा. रोप लावताना हलत नसे. मी पाहिलंय. दारात उभी राहून कितीदा पाहिलंय.

आता मात्र सांगायलाच हवं.

एका सकाळी मी चहा घेऊन त्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत आजोबा म्हणत होते, "निखिल परत येत नाही रे. तिकडे घरही घेतलं. मला कळवून वर्ष झालं. म्हणाला, आईला इतक्यात सांगू नका."

"मग वहिनींना सांगणार कधी?"

"बघू. तू ते डावीकडचं रोप बघ आधी, सुटतंय."

वर्ष. म्हणजे मधल्या दिवाळीला मी चादरी धुतल्या तेव्हा त्यांना ठाऊक होतं. खिडकीखाली टँक आला तेव्हाही ठाऊक होतं — म्हणून तर आला. पलंग येणार नव्हता हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माशांना माहीत होतं. डॉक्टरांनाही आता माहीत होतं. मला नव्हतं.

मी काय केलं? दार ढकललं, चहा दिला, आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

आजोबांशी भांडता आलं असतं. बाबाला फोन करता आला असता. का नाही केलं? कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

त्या संध्याकाळी दोघं शिवाजी पार्कवर फिरायला गेले. मी आतल्या खोलीत गेले. टँकच्या झाकणावर डॉक्टरांचा चिमटा होता — धुऊन, पुसून, रोजच्यासारखा. बाही वर केली आणि चार-पाच रोपं मातीतून सैल केली. उपटली नाहीत, फक्त सैल केली. सकाळी ती पाण्यावर तरंगत होती.

डॉक्टरांनी पुन्हा लावली. मी पुन्हा सैल केली. एकदा रागाच्या भरात हातून घडलं असं नाही, मुलांनो. रागाचा भर पुष्कळ आधी ओसरला होता. रोज संध्याकाळी कुकर लावायचा, देवापाशी दिवा लावायचा, तसं तेही एक काम होऊन बसलं. मी कामं नीट करते.

आजोबांना दुखवायचं होतं. मग हात डॉक्टरांच्या रोपांना का लावला? आजोबांच्या मॉसला का नाही? खरं कारण फार साधं आहे: मॉसने तोवर लाकूड घट्ट धरलं होतं. हिरवळ अजून कोवळी होती.

पुढे डॉक्टरांचे विनोद कमी झाले. रोपं लावताना ते श्वास रोखून धरू लागले. मग लावून झाल्यावर हात पुसायचे आणि त्या हाताकडेच बघत बसायचे. आजोबा म्हणायचे, "अरे, मातीच हलकी असेल."

एक दिवस पाण्यावर फारच रोपं आली होती. डॉक्टरांनी ती ओंजळीत गोळा केली आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, हा माझा मित्र आहे, हा खोटं बोलेल. तुम्ही मास्तरीणबाई. खरं सांगा — हात गेला ना माझा?"

एक वाक्य हवं होतं. 'नाही हो, मी केलं' — एवढंच. किंवा तेही नको, नुसतं 'नाही' चाललं असतं.

मी म्हणाले, "वय झालं की व्हायचंच, डॉक्टर."

ते हसले. चिमटा माझ्या हातात दिला. "ठेवा तुम्हाला. सुरमईचे काटे काढायला होईल."

त्यानंतर ते टँकपाशी आले नाहीत. पुढे तर घरीच येईनात. आजोबा प्रभादेवीला जाऊन यायचे. एकदा एवढंच म्हणाले, "वसंता आता दाढीला न्हावी बोलावतो. कपाला हात लावत नाही, बायको बशीने पाजते." मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

बाबाने परत न येण्याचं मला पुढे रीतसर सांगितलं. तेव्हा मी नवल वाटल्याचं दाखवलं आणि त्याचं अभिनंदन केलं.

डॉक्टर गेले तेव्हा मी भेटायला गेले. त्यांच्या बायकोने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमच्याकडच्या त्या झाडांमध्ये फार रमायचे हो." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही बोलले नाही. पुढे आजोबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी किती दिवस होते मी. आम्ही दोघंच असायचो. तेव्हाही नाही.

माझ्याशी खोटं वागले म्हणून मी चिडले होते. ते दोघं माझ्यापासून लपवत होते ते निदान मला दुखू नये म्हणून. मी लपवलं ते कशासाठी?

सई, तुला कार्पेट लावायचं असेल तर लाव. जमतं. डॉक्टरांना जमत होतं.

टँक आजोबांनीच काढून टाकला. लाकडाचा एक तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरणीत आहे. पाणी मी बदलते. दोरा केव्हाच कुजला, मॉस हिरवं आहे. चिमटा सुऱ्यांच्या खणात आहे, त्याला गंज चढलेला नाही. हिरवळीतलं काही उरलं नाही.

— आजी