बायकांच्या दारावरची आई

आमच्या गावचं थेटर पाडायच्या आधी तिथं आठवणींचा कार्यक्रम होणार, असा निरोप व्हॉट्सअॅपवर आला, तेव्हा मी तो वाचून लगेच पुसून टाकला. पण शेजारणीनं तोच आईलाही पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "रविवारी गावाकडं जायाचं हाय. थेटरात बोलवलंय."

"तुला कुणी बोलवलंय? सगळ्या गावाला पाठवलाय त्यांनी तो निरोप."

"मग मी गावातली न्हाय व्हय?"

आई आता कोल्हापुरात माझ्याकडं राहते. आमचं गाव हुपरीच्या रस्त्याला आहे. थेटर आजोबांच्या वेळचं. आधी तिथं नाटकं व्हायची, मग पडदा आला. वडील गेल्यावर आई तिथं कामाला लागली, बायकांच्या दारावर. बायकांची बसायची जागा वेगळी होती, डाव्या हाताला, कमरेएवढ्या लाकडी कठड्याच्या आड. तिथं जायचं दारही वेगळं, बाजूच्या बोळातून. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी दाखवून जागा द्यायची आणि गडीमाणसाला आत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. सात वर्षं तिनं ते केलं.

ती कुणाशी गोड बोलायची नाही. पोर रडायला लागलं की बॅटरीचा झोत थेट त्याच्या आईच्या तोंडावर. "बाहेर फिरवून आण जा. हितं काय बारसं हाय?" नवऱ्याला निरोप द्यायचाय म्हणून कुणी कठड्यावरून हाका मारायला लागली तर तिलाही खाली बसवायची. शाळा सुटली की मी दारातल्या पडद्यामागं स्टुलावर बसायचे. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला हुपरीच्या बायका यायच्या. आठवडाभर घरात चांदीची पैंजणं जोडून बोटं काळी पडलेली. त्या शेंगा फोडत मोठमोठ्यानं पडद्याशी बोलायच्या. "जाऊ नको गं त्या घरात, सासू वंगाळ हाय," असं कुणीतरी ओरडायची आणि बाकीच्या तिला दुजोरा द्यायच्या. ते मला आवडायचं, एवढं कबूल करते.

मी आठवीत असताना अशाच एका दुपारी, मध्यंतर झाल्यावर, एक मुलगी जागेवरून उठून आईजवळ आली. कॉलेजला जाणारी होती, मैत्रिणीबरोबर आली होती. तिनं नुसतं मागं बोट दाखवलं. आई गेली आणि तिनं बॅटरी लावली. मुलींच्या मागच्या बाकावर मालकांचा मेव्हणा बसला होता. आई तिकिटं मोजायला ऑफिसात गेली होती, तेवढ्यात तो आत शिरला होता.

"उठा," आई म्हणाली.

तो हसला. "मी कोण हाय ठाऊक न्हाय व्हय तुला?"

आईनं बॅटरी त्याच्या कानशिलावर हाणली. तीन सेलची, पत्र्याची. बायका उठून उभ्या राहिल्या, आणि तो कठड्यावरून उडी टाकून गड्यांच्या बाजूला गेला. तिकडं शिट्ट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आमच्या दारात आले. आत आले नाहीत. "आमच्या पावण्यावर हात टाकलास. आजपास्नं येऊ नको," एवढं बोलून गेले. त्या मुलीच्या घरचं कुणी आलं नाही. तिचं कॉलेज मात्र बंद झालं. आई पुढं शाळेत खिचडी शिजवायला लागली, आणि मी त्या थेटरात परत पाऊल टाकलं नाही.

रविवारी टाकावं लागलं. आवारात मांडव घातला होता, खुर्च्या होत्या. मालक कधीच वारले; आता मुलगा सगळं बघतो. जागेवर मंगल कार्यालय होणार आहे. माणसं एकेक करून माइकवर यायची. कुणाला सोड्याच्या बाटल्या आठवत होत्या, कुणाला फाटकी गादी, कुणाला पहिल्या खेळाची रेटारेटी. सगळे पुरुषच बोलत होते. मी घड्याळाकडं बघत बसले होते.

मग एक निवृत्त मास्तर उठले. "बायकांच्या दारावर एक बाई होती," ते म्हणाले, "लई तापट. एकदा मालकांचे पावणे बिचारे अंधारात चुकून तिकडं गेले, तर हिनं बॅटरीच हाणली. पावणे कठड्यावरनं अल्लाद आमच्या मांडीवर." मांडवभर हशा झाला. मालकांचा मुलगाही हसला.

मी आईचा दंड धरला. "चल, ऊठ." ती उठली, पण जायला नाही. माइककडं न जाता जागेवरूनच बोलली.

"चुकून न्हवता आला त्यो. पोरींच्या मागं जाऊन बसलेला. ती बाई मीच."

हसणं थांबलं. मालकांचा मुलगा पुढं आला. "मावशी, जाऊ द्या की. जुनं झालं ते. आज चांगलं बोलायचा दिवस हाय."

"चांगलंच सांगालोय की मी," आई म्हणाली. "सात वर्षात त्या दारातनं एक गडी आत आला, आणि त्यो बी मार खाऊन बाहेर गेला. तुमच्या थेटराचं ह्यापेक्षा चांगलं काय हाय?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तर खाली बसले. चहा आला. मालकांचा मुलगा शाल-नारळ घेऊन आमच्याकडं यायला लागला, तेव्हा मी आडवी गेले.

"तुमच्या वडिलांनी हिला कामावरून काढलं. ते माइकवर सांगा, मग शाल घाला."

"मी त्यावेळी शिकायला बाहेर होतो, ताई. मला काय ठाऊक?"

"आता सांगितलं की."

त्यानं शालीची घडी मोडली, परत घातली, आणि ती मास्तरांना नेऊन दिली.

वळून बघितलं तर आई खुर्चीवर नव्हती. ती बोळातल्या दारानं आत गेली होती. बाकं उचलून नेली होती, जमिनीवर कबुतरांची घाण. ती एका खांबाला हात लावून उभी होती.

"ह्याच्या मागं बसाय कुणी मागायचं न्हाय," ती म्हणाली. "उशिरा येणारीला मुद्दाम हितं घालायचो." आणि हसली.

"ह्यांचं थेटर कधीच पाडायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. त्या दिवशी ती पहिल्यांदा खरी चिडली, ते माझ्यावर. "तुझं काय जळालंय? काढलं मला, तुला न्हवं. मला आवडायचं हितं. त्या मेल्यापायी सगळ्या थेटराला वंगाळ म्हणू व्हय?"

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

थेटर पाडलं. मला अजून त्या घरातल्या कुणाचं तोंड बघवत नाही. कार्यालयाच्या वास्तुशांतीला बोलावणं आलं तर मी जाणार, असं आई म्हणते. त्यावरून आमचं अजून वाजतं.