मांजरं मोजून घेतलेलं घर

सुचिता मढवी घर शोधत होती तेव्हा ती मांजरं मोजायची. आता तुम्ही म्हणाल, पोरीचं डोकं फिरलं होतं काय? छे हो! डोकं जाग्यावर होतं, जरा जास्तच जाग्यावर होतं म्हणा. महाप्याच्या एका कंपनीत तिची नोकरीच तशी. कुठलं पार्सल वेळेवर पोचणार आणि कुठलं रखडणार, हे आधीच ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं. त्याला जुन्या पार्सलांची ढिगानं उदाहरणं द्यायची, हे पोचलं, हे अडकलं, आणि बघून बघून ते आपलं आपण अंदाज बांधायला लागतं. यालाच ही मंडळी मशीन लर्निंग म्हणतात. लहान पोराला चार कुत्री दाखवली की पाचवं ते बरोब्बर ओळखतं ना, तसलाच प्रकार.

तर हीच विद्या सुचिताने घर शोधायला लावली. पण तिला स्वस्त घर नको होतं, की स्टेशनजवळचं, की पूर्वेकडे दार असलेलं. तिला असं घर हवं होतं, जिथे मासे शिजवले तर शेजारीपाजारी नाक मुरडणार नाहीत.

कारण होती तिची आई, विमलबाई. करावे गावातली बाई. जन्म गेला खाडीच्या काठाला. नवरा वारल्यावर मुलाने, धनेशने, जुनं घर पाडून तिथे चार मजले उभे करायला घेतले आणि बायकोपोरांना घेऊन तो पनवेलला भाड्याने राहायला गेला. विमलबाईने गाव सोडायला साफ नकार दिला. चुलत दिराच्या घरातल्या एका खोलीत तिने आपली चूल मांडली. एक दिवस चक्कर येऊन मोरीत पडली, आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली, कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून सुचिताला धड घास गिळवत नव्हता. लग्न तिने केलं नव्हतं, आईशिवाय तिला कोण होतं? आईला आपल्याजवळ आणायचं आणि ती पुन्हा पळून जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात बसली होती.

पुन्हा म्हणायचं कारण, विमलबाई एकदा येऊन गेली होती. सुचिता खारघरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची, तिथे दिवाळीनंतर ती चांगली बॅग भरून आली. महिना नाही झाला तोच एका सकाळी लुगडं नेसून तयार. "मना गावाची सय येते," एवढंच बोलली आणि रिक्षात बसली. सुचिताने मनाशी कारण पक्कं केलं. त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये कागद लागला होता, 'मासळी शिजवताना खिडक्या बंद ठेवाव्यात. आदेशावरून, कमिटी.' आई वाचायला शिकलेली होती. लागलं असणार तिच्या मनाला, दुसरं काय?

मग सुरू झाला सुचिताचा उद्योग. आधी तिने नात्यातल्या, ओळखीच्या, ऑफिसातल्या सगळ्यांना छळलं. तुमच्या सोसायटीत बोंबील तळले तर कुणी बोलतं का? खरं सांगा हं. ज्या इमारतींचं खरं कळलं, ती झाली उदाहरणं. आता मशीनला खुणा द्यायला हव्यात, बाहेरून दिसणाऱ्या. 'फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी' अशा जाहिराती कुठल्या इमारतीच्या येतात, ते तिने गोळा केलं. खालच्या वाण्याकडे कोकम पुढे मांडलंय की मागे धूळ खातंय, ते बघितलं. गटारीला सगळं गाव मासे घ्यायला बाजारात लोटलं, तेव्हा ही बया गेली मोजायला! बाजाराबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर सोसायटीचे पार्किंगचे स्टिकर असतात ना, ते टिपत उन्हात उभी राहिली. पापलेट राहिलं बाजूला, स्टिकर घेऊन घरी आली.

आणि मांजरं. जिथे मासे खाल्ले जातात तिथे मांजरं रेंगाळणारच, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. स्कूटर लावायची, कंपाउंडमध्ये डोकवायचं आणि मोजायचं. नेरूळला एका वॉचमनने तिला हटकलंच, "मॅडम, बिल्ली पकडनेवाली गाडी कब आयेगी?" ही म्हणाली, "आयेगी, आयेगी," आणि सटकली.

ऑफिसात तिच्या शेजारी बसणारा प्रसाद तिची रोज खेचायचा. "अगं, तू घर शोधतेयस की बांगडा?"

"दोन्ही. तुला काय करायचंय?"

"मला जेवायला बोलवायचं, आणखी काय!"

शेवटी मशीनने निकाल दिला. सगळ्यात वर नाव आलं नेरूळच्या सोनचाफा सोसायटीचं. जुनी, चार मजली, रंग उडालेली इमारत. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट विकायचा होता. मांजरांच्या बाबतीत तर या इमारतीने सगळ्यांना मागे टाकलं होतं. सुचिताला असा आनंद झाला की विचारू नका. आईला दाखवल्याशिवाय शब्द द्यायचा नाही असं ठरवून ती करावे गावात गेली आणि तासभर विनवण्या करून विमलबाईला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली.

सोसायटीच्या आवारात शिरतात तो काय, जिन्याच्या पायरीशी एक गोरीपान, पांढऱ्या केसांची बाई बसलेली आणि भोवती मांजरांचं संमेलन! ताटल्यांमध्ये दूधभात. एक बोका तर तिच्या मांडीवर पाय ठेवून घाई करत होता.

"ही सगळी तुमची?" सुचिताने विचारलं. आवाज आधीच बारीक झाला होता.

"माझी कसली, गावची. मी आपली घालते दोन वेळा. मी शुभदा, दुसऱ्या मजल्यावर राहते. फ्लॅट बघायला आलात का?"

"मासे पण घालता का यांना?"

"नाही गं बाई, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. आम्ही साताऱ्याकडचे. दूधभातावर कशी धष्टपुष्ट झालीत बघ!"

झालं! सगळ्या मांजरांचा हिशेब त्या एका पातेलीतला निघाला. मशीन बिचारं काय करणार, मांजर कशावर पोसलंय हे त्याला कुणी सांगितलं होतं? तिने घाईघाईने हात जोडले. "काकू, आम्ही मासे खातो हो. म्हणजे रोज नाही! कधीतरीच. आणि खिडक्या आम्ही नक्की बंद ठेवू. एक्झॉस्ट पण बसवून घेऊ, मोठा. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

शुभदाताईंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "वास मला नाही सोसत, खरं सांगते. पण मला सोसत नसेल तर मी माझी खिडकी लावेन की. तुम्ही तुमची कशाला लावायची?" आणि मग त्या बोक्याला रागावल्या, "अरे, हळू!"

विमलबाई जिना चढली, फ्लॅट पाहिला, नळ उघडून पाणी किती जोरात येतं ते पाहिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. दलाल किल्ली त्यांच्या हाती देऊन खाली फोनवर बोलत उभा होता. मायलेकी दोघीच रिकाम्या खोलीत.

"आये, नको हे घर," सुचिता म्हणाली. "माझं गणित चुकलं. मी दुसरं बघते. तुला कुणी बोलणार नाही असंच घर घेणार मी, बघ तू."

"तू किती जनांना इचारलंस गं?" विमलबाईने विचारलं.

"कशाबद्दल?"

"हेच. आमी मासली खाली तर चालंल काय, म्हनून. अख्ख्या नव्या मुंबईला इचारलंस. मांजरींना इचारलंस. मी खारघरवरनं परत कनाला गेले, ता मना इचारलंस एकदा तरी?"

सुचिता म्हणाली, "तो लिफ्टमधला कागद..."

"कागदाला कोन भितंय? लोकं बोलतान, बोलू देत. सगल्या जन्मात लोकांचं ऐकत बसले असते तं तुमी दोघं उपाशी मेला असता." विमलबाई ओट्याला टेकली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "तुझ्या हापिसातली मानसं आलती एक दिस. आठवतंय? मी सकालपासून सोड्याचं कालवन करत बसलेले. म्हटलं, पोरीच्या घरी पाव्हने येतान, आपल्या हातचं खातील. तू आलीस, पातेलं उचललंस, झाकन लावून बाल्कनीत ठेवलंस. घरभर उदबत्त्या लावल्यास. हाटेलातनं पनीर मागवलंस."

"आये..."

"थांब, बोलू दे मना. ता पन चाललं असतं. तुझं हापिस, तुझी मानसं, मना काय कलतंय त्यातलं. पन त्यातला एक जन बोलला, कसला वास येतोय? आनि तू काय बोललीस? शेजारनं येतोय." विमलबाईने पदर तोंडाला लावला. "मी आतल्या खोलीत होते. भिंतीला काय कान नसतान? शेजारीन झाले मी तुझी."

सगळं सुचिताला आठवत होतं. पातेलं उचलताना हाताला बसलेला चटकाही आठवत होता. एवढे दिवस ती दुनियेची नाकं तपासत हिंडली, स्टिकर टिपत फिरली, आणि जे एक नाक आईला खरोखर झोंबलं होतं ते तिचं स्वतःचं होतं. ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. छत्तीस वर्षांची बाई, लहान पोरीसारखी.

विमलबाईने तिला लगेच जवळ घेतलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "उठ, तोंड धू. पानी झकास हाय इथं. घर चांगलं हाय, घे. मी येईन का नाय, ता मागनं बघू."

सुचिताने घर घेतलं. कर्ज, रजिस्ट्रेशन, रंगारी, सगळे सोपस्कार झाले. वास्तुशांतीला विमलबाई आली, चार दिवसांपुरती, तसं तिने दारातच सांगून टाकलं. पूजा झाली, वरणभात, पुरणपोळी झाली. शुभदाताई खालून खीर घेऊन आल्या आणि दोघी म्हाताऱ्यांनी गुडघेदुखीवर तास काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुचिताने ऑफिसातली तीच मंडळी जेवायला बोलावली होती. पण या वेळी बाजारात ती स्वतः गेली. सुक्या कोळंबीचे सोडे आणले, खेकडे आणले, बोंबील आणले. ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आये, कालवण तू सांग, मी करते."

विमलबाई स्टुलावर बसली. चिंच कधी घालायची तेवढं सांगत राहिली. मध्येच उठून स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेली, सवयीनेच असेल, तर सुचिताने पुढे होऊन ती परत सताड उघडली. तळणीचा धूर घरभर झाला. खालच्या मजल्यावरची एक खिडकी बंद झाल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने शुभदाताईंचा फोन. "अगं, मी माझी लावलीय हं, तुमचं चालू द्या. आणि माशांची डोकी टाकू नका, बोक्याला ठेवा!"

बेल वाजली. दारात प्रसाद आणि त्याच्यामागे चौघं. आत पाऊल टाकायच्या आधीच प्रसादने मान वर करून हुंगलं. "आयला! कसला वास येतोय गं हा?"

विमलबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा तसाच. सुचिताने मान वळवून आईकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या घरचा. ही माझी आई, विमलबाई. सोड्याचं कालवण आहे, कराव्याच्या पद्धतीचं. तिने शिकवलं, मी केलं. बिघडलं असेल तर मला बोला, तिला नाही."

"अगं, मग दारात काय उभं करतेस?" म्हणत प्रसाद चपला काढायला लागला.

मंडळी जेवली. कशी जेवली ते काय सांगायचं, पातेलं पुसून काढलं. विमलबाईने प्रत्येकाच्या ताटात स्वतः वाढलं, नको म्हणणाऱ्यालाही वाढलं. सगळे पांगल्यावर सुचिता भांडी आवरत होती. विमलबाई स्टुलावर बसून चमच्याने उरलंसुरलं कालवण चाखत होती.

"वाटप बारीक नाय झालं," ती म्हणाली. "मिक्सरचं वाटप ता असंच. चव कशी येनार?"

"पुढच्या वेळी जास्त फिरवेन."

"फिरवून काय होतंय." तिने चमचा धुवून जागेवर ठेवला. "धनेशला फोन लाव. माझा पाटावरवंटा गावात पडलाय, टेम्पोत घालून घेऊन ये म्हनावं. दोन मानसं लागतील उचलायला."