केरात गेलेलं जावळ

ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. उवा झाल्या असतील, काढले असतील. उलट बरंच वाटलं, कारण माझ्या दोन्ही मुलींच्या उवा काढण्यात माझं अर्धं तारुण्य गेलेलं. तिला घेऊन आलेली बालकल्याण समितीची ताई म्हणाली, "शिशुगृहात आल्या आल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मशीन फिरवतात, काकू." मी म्हटलं, शहाणे आहेत.

मुली लग्न होऊन पुण्याला गेलेल्या. नवरा वाळूजच्या कंपनीतून रिटायर होऊन दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालणारा. सिडकोतल्या आमच्या घरात दोन खोल्या नुसत्या झाडायला उरल्या होत्या. फॉस्टर केअरबद्दल मला शेजारणीकडून कळलं. फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे. ज्या लेकराच्या घरी काही अडचण आली आहे त्याला ती मिटेपर्यंत आपल्या घरात सांभाळायचं आणि मग परत द्यायचं. हे म्हणाले, "म्हणजे आपण मध्यवर्ती बसस्थानक. गाडी लागली की पाव्हणे उठणार." विनोद झाला असं त्यांना वाटलं. मी हसले नाही, पण अर्ज केला.

तिच्या घरची अडचण सरळ होती. आईबाप धनगर, फुलंब्रीकडचे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला गावी परतायचे. त्या फेरीत आईला ताप भरला. ज्याच्या रानात कळप होता त्यानंच तिला आपल्या जीपमधून शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं, लेकरू सोबत. बाप मेंढरं सोबतच्या एका म्हाताऱ्याच्या हवाली करून पोचला तोवर बायको गेली होती आणि लेकरू शिशुगृहात होतं. त्याला दाखवलं तेव्हा ते टोपडं बांधून झोपलं होतं. तळावर बाईमाणूस नाही, म्हणून तोच म्हणाला, पावसाळ्यापर्यंत कुणीतरी सांभाळा, गावी आलो की नेतो. म्हणजे ती जाणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तीनेक वर्षांची असेल. दार लावलं की रडायची. गादीवर झोपवलं की उतरून फरशीवर जायची. दूध पुढे केलं की तोंड फिरवायची, पण भाकरीवर ठेचा ठेवला की मुकाट बसून शेवटचा तुकडाही संपवायची. गल्लीत कुणाची शेळी दिसली की जिभेनं असा काही आवाज काढायची की शेळी चालायची थांबायची आणि आमचे हे गॅलरीतून टाळ्या वाजवायचे. तिला 'आई' म्हणू द्यायचं नाही, असं ताईनं बजावलं होतं, म्हणून मी 'मावशी' शिकवलं. ती 'मावशे' म्हणायची, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. केस वाढले तशी मी रोज तेल लावून डोक्यावर त्यांचं कारंजं बांधायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. आणि ती बापाकडे जावी असंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात.

पेरण्या उरकल्यावर तो आला. तिशीचा माणूस. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, काठी बाहेर चपलांच्या रॅकला टेकवलेली. सोफ्यावर बसेना, खाली फरशीवर बसला. त्याची विधवा बहीण आता त्याच्याकडे राहायला आली होती, म्हणजे घरात बाईमाणूस होतं. समितीची माणसं गावाला जाऊन घर बघून आली होती. सगळं जमून आलं होतं. मी तिचे कपडे धुऊन, घडी करून पिशवीत भरले होते.

ती आधी माझ्या साडीमागे लपली. मग त्यानं जिभेनं तोच आवाज काढला, शेळीला थांबवायचा, आणि ती धावत जाऊन त्याच्या मांडीत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे उगाच पंखा वाढवायला उठले. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथंच राहिला.

"बाई, हिचं जावळ कुठंय?"

"शिशुगृहात काढलं. उवा होत्या."

"मामाच्या मांडीवर नाय? देवाम्होरं नाय?"

मी म्हटलं, "शिशुगृहात कुठला मामा?" मला अजून काही कळलंच नव्हतं.

मग त्यानं खाली बघत सांगितलं. हिच्या आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. ही पोटात असताना त्याच्या बायकोनं डोंगरावरच्या त्यांच्या देवाला नवस बोलला होता: ही जगू दे, हिचं जावळ तुझ्या दारात काढीन. मामा ठरला होता, बोकड ठरला होता. पण दर साली काहीतरी आडवं आलं. एकदा भावकीत सुतक, एकदा मेंढरांत रोग. केस डोक्यावर होते तोवर देव हिच्यापुरता थांबला होता, असं त्याचं म्हणणं. उशीर झाला म्हणून देवानं आधी आईला नेलं, तो इशारा होता.

"देवाचं हुतं त्ये. आपण दिलंच नाय," तो म्हणाला. "नवस माह्या घराचा. आता माह्या उंबऱ्याच्या आत ही जगायची नाय."

माझं डोकं सटकलं. अहोजाहो विसरून मी म्हटलं, "अरे बाबा, केसच आहेत ना ते? परत आलेत बघ. हेच काढ. मामाला बोलाव, बोकड काप, मी स्वतः येते तुझ्यासोबत डोंगरावर."

एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं त्यानं मला समजावलं. "जावळ म्हंजी पोटातून आलेलं, बाई. ह्ये मागून आलेलं. ह्ये देव घेत नाय."

मला डॉक्टरांशी भांडता येतं, सोसायटीच्या चेअरमनशी भांडता येतं, यांच्याशी तर झोपेतही येतं. देवाशी भांडायची सवय मला नव्हती. आणि सगळ्यांत जास्त राग याचा आला की माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तो लेकराच्या गालावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता आणि तिला नको म्हणत होता.

जाताना काठी उचलून म्हणाला, "जावळ गावलं तर सांगा. नुसतं देवाच्या पायरीला लावून पाण्यात सोडलं तरी चालंल. मंग नेतो हिला." तिला आत पाठवलं आणि गेला. ती बराच वेळ दाराशी बसून जिभेनं आवाज काढत होती. भरलेली पिशवी पुन्हा कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई शिशुगृहात गेलो. मला मनातून आशा होती. काही घरांत जावळ जपून ठेवतात, पुरचुंडी बांधून. तसं कुणी एखाद्या आयानं ठेवलं असेल. तिथल्या आया चांगल्या होत्या. एकीच्या कडेवर बाळ, दुसऱ्या हाताला एक पोर लोंबकळलेलं. मी तिला केसांचं विचारलं.

"केस? मावशी, ते झाडून केरात गेले. न्हावी येतो त्या दिवशी सगळ्यांचे एकाच ढिगात पडतात."

"ते जावळ होतं," मी म्हटलं.

"अगं बाई," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. "आम्हाला कोण सांगणार? आईच नव्हती सांगायला." तिचंही बरोबर होतं. तिथं बरोबर नव्हतं असं कुणीच मला सापडलं नाही, आणि त्यामुळे आणखीच चरफड झाली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "शहागंजातल्या एखाद्या न्हाव्याकडून मूठभर केस आणू. फडक्यात बांधू, म्हणू हेच. देव काय डीएनए तपासतो?" मी इतकी ओरडले की ती घाबरून पलंगाखाली शिरली. खरं सांगायचं तर हाच विचार रिक्षात माझ्याही मनात येऊन गेला होता. पण पुढे तिला नुसती सर्दी झाली असती तरी त्याच्या मनात काय आलं असतं, आणि ते ओझं आयुष्यभर कुणी वाहिलं असतं?

बापानं समितीपुढे जाऊन सांगितलं की मी लेकरू देतो, ज्याच्या घरी ती जगेल त्याला द्या. समितीच्या बाईंनी त्याला तासभर समजावलं. मामालाही बोलावलं. मामा म्हणाला, नवस फसलेलं लेकरू मी माझ्या घरात कसं घेऊ, माझीही लेकरं आहेत. देव तारी त्याला कोण मारी, असं आपण सहज म्हणून जातो. देव मारणार अशी बापाचीच खात्री असली तर काय म्हणायचं, याला म्हण नाही.

असं मूल दिलं तरी बापाला विचार बदलायला कायदा दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत मी, ताई आणि हे तिला गाडीत घालून त्याच्या गावाला गेलो. बघितली की पाघळेल, हा माझा हिशेब. पत्र्याचं घर, समोर काट्याचं कुंपण आणि आत कोकरं. कोकरं दिसताच ती गाडीतून जवळपास उडीच मारून त्यांच्यात शिरली. एका कोकराला मिठी मारून अशी हसली की तसं हसणं आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. तिचं घर हेच होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग ती घराकडे पळाली आणि तो आडवा आला. उंबऱ्यात हात पसरून उभा राहिला. त्याची बहीण भाकरी घेऊन बाहेर आली, अंगणात तिला मांडीवर घेऊन भरवू लागली. भरवताना रडत होती, पण आत ती तरी कुठे नेत होती. पोर पुन्हा उठली, बापाच्या पायांमधून आत शिरायला लागली, तिला तो खेळ वाटला. त्यानं तिला उचलून, छातीशी धरून, अंगणाच्या पार कडेला आणून ठेवलं. दोनदा, तीनदा. शेवटी मला म्हणाला, "घिऊन जा, बाई. मला आता व्हत नाय."

मी घेऊन आले. त्या दिवसापासून तिनं शेळ्यांना आवाज द्यायचं सोडलं.

दोन महिने संपले, तो आला नाही. आम्ही तिला दत्तक घेऊ का, हे मी ताईला विचारून बघितलं. आम्हा दोघांच्या वयांची बेरीज नियमात बसत नव्हती. नियम चुकीचा नाही. ती कॉलेजात जाईल तेव्हा आम्ही एक तर नसू, किंवा तिलाच आमचं करावं लागेल. मग दुसऱ्या राज्यातलं एक जोडपं आलं. हसतमुख, शिकलेली माणसं. तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची. न्यायच्या दिवशी मी तिला कारंजं बांधून दिलं. गाडीत बसल्यावर ती सरकली आणि सीटवर हात थोपटून म्हणाली, "मावशे, बस." तिला वाटलं, मीही येणार. मी दार लावलं. हे कुठे होते ते मला आठवत नाही, बहुधा गच्चीवर. त्यानंतर समितीनं दुसरं मूल देऊ केलं तेव्हा मी नाही म्हटलं. माझ्यानं ते पुन्हा होणार नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात फाटकाची कडी वाजली. तोच होता. कळप खाली उतरवताना वाट वाकडी करून आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही. चहा नको म्हणाला, पाणीसुद्धा नको म्हणाला. कुठं आहे, कशी आहे, काही विचारलं नाही.

"माय," तो म्हणाला, "जित्ती हाय ना?"

दत्तक गेलेल्या मुलांची खबर आम्हाला देत नाहीत. गाव माहीत नाही, आता नाव काय आहे तेही माहीत नाही. मी ताईला दोनदा विचारून बघितलं होतं, तिनं मान हलवली होती.

"आहे," मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले, आमच्या फाटकालाच हात जोडले आणि म्हणाला, "लई झालं." मग काठी उचलून निघून गेला. यंदाही आला होता. यंदाही मी आहे म्हटलं.