सरांची शेवटची दहा मिनिटं

तुम्हाला शिकवणारा माणूस सरकारी समितीवर गेला, की तुम्ही त्याला पेढे देता की प्रश्न विचारता?

आम्ही पेढे दिले. आमचे सर इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. तासाची शेवटची दहा मिनिटं ते स्वतः बाकावर बसत आणि खडू एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देत. "आता मला खोटं पाडा," म्हणत. सरकारनं त्यांना एका समितीवर सल्लागार नेमलं आणि ती दहा मिनिटं गेली. खाली सरकारी गाडी त्यांच्यासाठी थांबलेली असायची.

त्यांच्या समितीनं तोट्यातल्या बसफेऱ्या बंद करण्याची शिफारस केली. फुलंब्रीपलीकडच्या खेड्यातून येणारी माझी मैत्रीण भर वर्गात उभी राहिली.

"सर, आमच्या गावाला दुसरी गाडी नाय. मी यायचं कसं?"

"अगं, धोरण एका गावासाठी ठरत नसतं," सर म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

आम्ही पत्रकं काढून वाटली, तोवर फेरी बंद झाली होती. घरच्यांनी तिचं शिक्षण थांबवलं आणि लग्न ठरवलं.

निवृत्तीनंतर सर मला छावणीच्या बाजारात भेटले. मी मैत्रिणीबद्दल तावातावानं बोलू लागले, तर ते हळूच म्हणाले, "समितीत सगळे मला साहेब म्हणायचे गं. चुकलात म्हणणारं कुणी नव्हतं. ती म्हणत होती, तर मी थांबलो नाही."

माझा राग विरला. हळहळ अजून आहे.

म्हणून विनंती करते. तुमचे प्राध्यापक ज्या समितीवर असतील, तिचा अहवाल मागवा, वाचा आणि तो लागू होण्याआधी त्यांना वर्गातच अडवा.