तासाला चमचाभर

मी माझ्या बायकोच्या औषधावर बसलो. खरंच बसलो.

सुमनला सकाळीच नांदेडच्या दवाखान्यात आयसीयूत घेतलं होतं. आदल्या दिवशी घरी, भोकरला, लघवीला जळजळ अन् थंडी-ताप, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "सेप्टिक शॉक." म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला अन् बीपी पार खाली गेलं. "जीवाला धोका आहे," असंही म्हणाले. मी नुसतं "हाव, हाव" करत राहिलो. ताप आलेलं माणूस गोळी खाऊन उठतं, एवढंच मला ठाऊक.

दुपारी आत सोडलं. तिच्या मानेत बारीक नळी. दुसरं टोक सिरिंज पंपात, म्हणजे सिरिंज हळूहळू दाबणाऱ्या मशीनमध्ये. माझं ठिबक सिंचनाचं दुकान. नळी दिसली की पाणी चालू आहे का बघायचं, ही खोड. इथं काहीच हलेना. चोंदली की काय, म्हणून नीट बघायला पलंगावर टेकलो.

जरा वेळानं मशीन बोंबलायला लागलं. सिस्टर धावली.

"काका, नळीवर बसलात! आता उठू नका, हायेत तसेच बसा!"

तिनं मानेजवळचा कॉक बंद केला, मगच मला उठवलं. तोवर पडद्यावर बीपीचा आकडा उतरून राहिला होता अन् मी शिक्षा झालेल्या पोरासारखा बसलेलो. नळी मोकळी करून तिनं औषध पुन्हा सुरू केलं. आकडा सावकाश वर आला.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, "हे औषध तासाला चमचाभर जातं. त्यावर त्यांचं बीपी टिकलंय. तुम्ही एकदम उठला असता, तर तुंबलेलं औषध एका दमात आत गेलं असतं." एवढासा प्रवाह डोळ्याला दिसतच नाही. तो अडला, हे फ्लो सेन्सरनं ओळखलं. म्हणजे मशीनमधल्या प्रवाह मोजणाऱ्या भागानं.

अन् भरल्या पाइपाचा कॉक एकदम सोडू नका, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत फिरतो!

तुमचं माणूस आयसीयूत असलं तर उभे राहा. पाय दुखले तरी उभे राहा.

पुढं औषध कमी होत होत बंद झालं. सुमन घरी आली. भीत भीत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"अहो, तुमी एकदा बसले तर मशीन लगेच बोंबललं. माझ्या डोक्यावर इतकी वर्षं बसले, ते मी गप सोसून राहिले. आता मी बी बोंबलणार हाय."